वीतभर गोधडी : छापून-रंगवून साठलेल्या तुकड्यांविषयी तुमचे प्रश्न

मागच्या लेखात घरच्या घरी कापड छापण्या-रंगवण्याचे काही प्रयोग सांगितले होते : भाज्यांचे ठसे, मिठाचा परिणाम, पानांचे छापे, उन्हातला निळा छाप. शेवटी एक ओळ लिहिली होती, की हे नमुन्याचे तुकडे ट्रंकेत कोंबून ठेवू नका, त्यांच्या वीतभर गोधड्या शिवा. सगळ्यांत जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली. म्हणून आज फक्त त्याबद्दल. काही प्रश्न तीन-चार जणांचे सारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : दोन वर्षांत कार्यशाळांमधून आणि घरी करून साठ-सत्तर तुकडे जमलेत. कुठे बटाट्याचे ठसे, कुठे मीठ टाकून रंगवलेलं, कुठे नुसता गोंधळ. चांगल्या तुकड्यांना कात्री लावायला हात धजत नाही, वाईट तुकड्यांचं काय करायचं ते कळत नाही. सुरुवात कुठून करू? (नाशिक)

वाईट तुकड्यांपासून करा. तुमची समजूत काढायला म्हणून सांगत नाही. जो तुकडा बघताक्षणी आवडतो तो बऱ्याचदा जसा आहे तसाच पुरा झालेला असतो, टाक्याला करण्यासारखं त्यात काही उरलेलं नसतं. फसलेल्या तुकड्यात मात्र कुठेतरी चार बोटं जागा अशी सापडते, जिथे रंगानं आपल्या मनात नव्हतं ते करून ठेवलेलं असतं. मीठ टाकलेल्या तुकड्यात तर हमखास. मिठाचा खडा आजूबाजूचं पाणी ओढतो, पाण्याबरोबर रंगही त्याच्याकडे सरकतो आणि खड्याभोवती फिकट-गडद तारे उमटतात. पण ते सगळ्या कापडावर सारखे उमटत नाहीत. एखाद्या कोपऱ्यात ओल अगदी बेताची होती, तिथेच ते नीट आलेले असतात. तो कोपरा आपल्याला हवा आहे.

तो शोधायला एक जुनी जाड लग्नपत्रिका घ्या आणि तिच्यातून दोन बोटं रुंदीचे दोन काटकोन कापा. ते एकमेकांवर ठेवले की हवी तशी लहान-मोठी होणारी चौकट तयार होते. ही चौकट तुकड्यावरून सावकाश फिरवा. आधी सहा इंचांची ठेवा, मग चार इंचांची, मग उभी, मग आडवी. जिथे हात थांबेल तिथे चारही कोपऱ्यांवर पेन्सिलीनं टिंब द्या आणि पुढे चला. लगेच कापू नका. दहा-बारा तुकडे असे बघून झाले, की टिंबं दिलेल्या जागांचे मोबाइलवर फोटो काढा आणि ते काळे-पांढरे करून बघा. डोळा रंगाला भुलतो. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले की केवढा फरक वाटतो, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत दोन्ही एकाच राखाडीत बुडालेले दिसतात आणि मग आपली गोधडी लांबून सपाट का दिसते ते समजतं. फिकट, मधलं आणि गडद असं तिन्ही हातात आहे ना, एवढं त्या फोटोत तपासायचं.

आता एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कार्यशाळेत आपण कापडाचा इंच अन् इंच भरून टाकतो. त्यामुळे पेटीत सगळे बोलणारे तुकडे जमतात, ऐकणारा एकही नसतो. चार गजबजलेले तुकडे शेजारी शेजारी जोडले की कोणाकडे बघावं तेच कळत नाही. एका छोट्या गोधडीत एकच बोलका तुकडा ठेवा आणि त्याच्याभोवती दोन-तीन शांत तुकडे. शांत तुकडे नसतील तर तुमची फडकी काढा. रोलर पुसलेलं, ब्रश टिपलेलं, टेबलावर खाली अंथरलेलं कापड. हातून सहज पुसले गेलेले ते रंग मुद्दाम रंगवून येत नाहीत. मी स्वतः आता टेबलावर नेहमी धुतलेला मांजरपाट अंथरते, वर्तमानपत्र अंथरत नाही, ते याच कारणासाठी.

कात्री लावण्याआधी दोन कामं करा. पूर्ण तुकड्याचा फोटो काढून ठेवा. तो असला की कापण्याची भीती बरीच कमी होते. आणि तुकड्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा : कापड कुठलं, रंग कुठला, पक्का केला आहे की नाही. एकाच जागी लिहिलीत तर कापल्यावर ही माहिती एका भागाकडे राहते आणि बाकीचे अनाथ होतात. वर्षभरानं तो निळा पुन्हा हवा असतो आणि तो कसा आला होता ते कुणालाच आठवत नाही.

कापताना चारही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जास्त ठेवा. टाके घातले की कापड आत ओढलं जातं आणि सहा इंचांचा तुकडा भरताभरता साडेपाचचा होतो.

प्रश्न : जिलेटिनच्या प्लेटवरचे (जिलेटिनच्या घट्ट जेलीवर रंग लावून, वर कापड दाबून घेतलेले) छाप फार आवडले, पण जिलेटिन प्राणिजन्य असतं म्हणून आमच्या घरात चालत नाही. पर्याय आहे का? (रत्नागिरी)

आहे. चायना ग्रास, म्हणजेच आगर-आगर, समुद्री शेवाळापासून होतं. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम पावडर घालून सतत ढवळत उकळा. गरम पाण्यात नुसती विरघळवून भागत नाही, चांगली उकळी यावीच लागते. सपाट तळाच्या ताटात ओता, वरचे बुडबुडे कागदाच्या कडेनं ओढून घ्या आणि गार होऊ द्या. आगर फ्रीजशिवायच घट्ट होतं, कोकणातल्या मे महिन्यातसुद्धा.

मात्र स्वभाव वेगळा. जिलेटिन लवचिक असतं, आगर ठिसूळ. उचलायला गेलात तर तुटेल, म्हणून ताटातच राहू द्या आणि कापड वरून ठेवून तळहातानं हलकेच दाबा. त्याला पाणीही सुटत राहतं. छापण्याआधी सुती फडक्यानं टिपलं नाही तर रंग पसरतो. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा एका बैठकीतच भरपूर छाप काढून घ्या. कडा तुटल्या तरी फेकू नका, तुटलेल्या कडेचा छाप फार देखणा येतो. तयार मिळणाऱ्या कृत्रिम प्लेटही असतात, त्यांतल्या काहींत प्राणिजन्य काहीच नसतं. घेताना वेष्टन वाचा.

आणि खरं सांगू का, गुळगुळीत काचेवर किंवा जाड प्लॅस्टिकच्या शीटवर रंग लावून, त्यात बोटानं किंवा जुन्या कंगव्यानं रेघा ओढून, वर कापड दाबलं तरी छाप निघतो. जिलेटिनइतका नाजूक नसतो, पानाच्या शिरा एवढ्या बारीक उतरत नाहीत. पण गोधडीत जो ‘शांत’ तुकडा लागतो तो याच रीतीनं उत्तम होतो.

प्रश्न : अ‍ॅक्रेलिकनं रंगवलेल्या तुकड्यांतून हातसुई जातच नाही. मशीनवर घेतलं तर टाका उसवल्यावर भोकं तशीच राहतात. मी चाळीस वर्षं शिवणकाम केलं आहे, त्यामुळे हात चुकतोय असं वाटत नाही. (कोल्हापूर)

हात चुकत नाही, काका. कापडाचं कापडपण गेलेलं आहे. अ‍ॅक्रेलिक रंग सुताच्या आत शिरत नाही, तो सुतावर पातळ प्लॅस्टिकचा थर होऊन बसतो. नुसत्या कापडात सुई गेली की धागे बाजूला सरकतात आणि सुई निघाल्यावर परत जागेवर येतात. रंगाच्या थराला सरकता येत नाही, तो फाटतो. भोक राहतं ते त्याचं.

आहेत त्या तुकड्यांसाठी : मशीनला 14 नंबरची नवी सुई लावा आणि टाका मोठा ठेवा, तीन-साडेतीन मिलिमीटर. बारीक टाका घातलात तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ होईल आणि तिथूनच कापड फाटेल. उसवायचं नाही असं ठरवूनच शिवायला बसा, म्हणजे रेघ कुठून जाणार ते आधी खडूनं आखून घ्या. टाचण्या फक्त शिवणीच्या मायेत, म्हणजे शिवणीबाहेरच्या जादा कापडात लावा. हातशिवण करायचीच असेल तर रंगाचा थर जिथे पातळ आहे तिथून करा. जाड थराचा तुकडा तसाच न शिवता वर ठेवून फक्त कडेनं टाचला तरी छान दिसतो. इस्त्री करताना मध्ये बेकिंग पेपर हवाच, नाहीतर रंग इस्त्रीला चिकटेल.

पुढच्या तुकड्यांसाठी : कापडावर रंगवण्यासाठीचं जे मिडियम मिळतं ते अ‍ॅक्रेलिकमध्ये मिसळा, किंवा सरळ फॅब्रिक कलर वापरा, आणि थर पातळ ठेवा. पण तुम्ही मुरलेले शिवणकरी आहात, म्हणून तुम्हाला मी एक पायरी पुढचं सांगेन. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी छापा. हे रंग सुताशी रासायनिक बंध जोडतात, कापडाच्या अंगावर काही चढत नाही. धुतल्यावर सूत पूर्वीइतकंच मऊ लागतं आणि सुई लोण्यातून जावी तशी जाते.

कृती अवघड नाही. धुतलेलं सुती कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. रंग दाट करण्यासाठी सोडियम अल्जिनेटची (ही समुद्री शेवाळातून मिळणारी पावडर) खळ करायची, त्यात थोडा युरिया. युरियामुळे कापड ओलसर राहतं आणि रंगाला बंध जोडायला वेळ मिळतो. छापून झाल्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचं, मग रंग निघायचा थांबेपर्यंत धुवायचं. थंड पाण्यात चालणारे रंग घेतलेत तर आपल्या हवेत निराळी उष्णता द्यावी लागत नाही. रंगाची पूड हवेत उडते आणि श्वासात गेली की काहींना दम्यासारखा त्रास होतो, म्हणून पूड कालवताना मास्क लावा.

खळीच्या बाबतीत एक चूक आपल्याकडे हमखास होते. घरात चिंचोक्याची किंवा मैद्याची खळ असते, तीच वापरली जाते. रिअ‍ॅक्टिव्ह रंग या खळींशीही बंध जोडतो. मग खळ धुतली जात नाही, कापड कडक राहतं आणि रंग फिका येतो. अल्जिनेटच्या बाबतीत हे होत नाही. मैद्याची खळ तुम्ही वेगळ्या कामाला वापरा : कापडाला पसरून लावा, कडक वाळवा, चुरगाळून तडे पाडा आणि वरून फॅब्रिक कलर फिरवा. पक्का वाळल्यावर कोमट पाण्यात भिजवून खळ काढलीत की भेगाळलेल्या जमिनीसारखी नक्षी मिळते. तशा तुकड्यावर हातटाका भेगांच्या बाजूबाजूनं चालवून बघा.

प्रश्न : बाळाच्या दुपट्यात हे तुकडे वापरू का? (पुणे)

नको. बाळ कापड चोखतं आणि दुपटं रोज धुवावं लागतं. घरगुती छापांतला रंग नेमका कशानं बसलाय आणि किती सुटतोय हे आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुपटं जुन्या, वापरून मऊ झालेल्या सुती साडीचंच शिवा. हे तुकडे बाळाच्या खोलीतल्या भिंतीसाठी ठेवा.

प्रश्न : उन्हात केलेले निळे छाप जोडून सुंदर गोधडी शिवली. शिवताना मळली म्हणून साबणाच्या पावडरीत भिजवली, तर निळा जाऊन मळकट पिवळा उरला. आता काही करता येईल? (ठाणे)

तुमचं पत्र वाचताना पोटात खड्डा पडला, कारण माझंही असंच झालेलं आहे. नऊ तुकड्यांची गोधडी, प्रत्येकात आमच्या दारातल्या नेच्याचं एक पान. रात्री भिजवली, सकाळी बादलीत पिवळट चिंधी. तेव्हा मी ती टाकून दिली. तुम्ही टाकू नका, कारण ती वाचते.

आधी काय झालं ते बघा. या छापाला सायनोटाइप म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी तो 1842 मध्ये शोधला आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे छाप त्या रीतीनं काढायला घेतले. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन लोहयुक्त रसायनं कापडावर लावतात आणि वर पान ठेवतात. ऊन लागलं की त्यांच्यात फरक होऊन प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग तयार होतो, पानाखालची जागा पांढरी राहते. हा निळा आम्लाला घाबरत नाही, क्षाराला घाबरतो. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. सोड्यानं निळा मोडला, पण त्यातलं लोह कापडातच राहिलं. तो मळकट पिवळा म्हणजे ते लोह.

आणि लोह आहे तोवर चित्र आहे. हिरड्याच्या पाण्यात किंवा कडक काळ्या चहात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. टॅनिन आणि लोह भेटले की काळसर रंग होतो. गोधडी साध्या पाण्यातून चार-पाच वेळा काढा, सोडा पूर्ण जाऊ द्या. मग गाळलेल्या, गार केलेल्या बिनदुधाच्या चहात बुडवून तासभर ठेवा, अधूनमधून वर-खाली करा. पान पुन्हा उमटू लागेल, या वेळी तपकिरी-काळ्या पार्श्वभूमीवर. पानाची पांढरी जागाही थोडी चहाळेल. निळा परत येणार नाही, पण छायाचित्रकार हीच रीत मुद्दाम वापरतात : आधी सोड्यात निळा उतरवायचा, मग टॅनिनमध्ये काळा चढवायचा. गोधडीतलं इतर कापड चहाचा रंग किती घेईल याचा अंदाज मागच्या बाजूच्या टोकावर आधी घ्या.

पुढे कधी धुवायची वेळ आलीच तर रिठ्याच्या पाण्यात. तो क्षारयुक्त नसतो. आणि थेट उन्हाच्या भिंतीवर निळे छाप लावू नका. उन्हानं ते फिके होतात. काही दिवस अंधारात, हवेशीर ठेवले तर बराचसा रंग पुन्हा भरून येतो, हा या निळ्याचा मोठा गुण आहे.

प्रश्न : गडद कापडावर ब्लीचनं नक्षी करते. ब्लीच थांबवायला व्हिनेगर चालेल का? (नागपूर)

अजिबात नाही. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, फुप्फुसांना तो घातक आहे. आधी साध्या पाण्यानं भरपूर धुवा, मग सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात बुडवा. फोटो धुणारे त्याला हायपो म्हणतात. हे काम खिडकीशी किंवा गॅलरीत करा आणि फक्त सुती कापडावर करा. रेशीम आणि लोकर ब्लीचमध्ये अक्षरशः विरघळते.

प्रश्न : मी कलाशाखेत शिकते. आमच्याकडे हिरडा भरपूर आणि बांधावर साग. यांचे छाप घेऊन गोधडी करायची आहे. लोखंडाचा गंजही वापरू का? (जुन्नर)

वापर, पण बेतानं. तुझ्या दाराशी जे आहे ते मिळवायला इतर लोक दुकानं पालथी घालतात, तेव्हा तुझं उत्तर जरा सविस्तर देते.

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हे लहानपणी केलं असशीलच. तोच रंग कापडावर येतो. सुती कापड आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात उकळून त्याची खळ आणि तेलकटपणा घालव. मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळव, मग तुरटीच्या पाण्यात. कोवळी पानं कापडावर पसर, एखाद्या नळीवर किंवा काठीवर घट्ट गुंडाळ, दोऱ्यानं करकचून बांध आणि मोदकपात्रासारख्या भांड्यात दीड-दोन तास वाफव. भांडं यासाठीच वेगळं ठेव, ते पुन्हा स्वयंपाकाला नको. गार झाल्याशिवाय सोडू नकोस. जून पानांत हा लाल फार कमी, म्हणून पावसाच्या तोंडी फुटलेली पालवीच घे.

हिरडा लावलेल्या कापडावर लोखंडाचं पाणी लागलं की काळा उमटतो. कलमकारी आणि अजरखचा काळा याच दोघांच्या भेटीतून येतो. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवलं की ते पाणी तयार होतं. बरणीचं झाकण सैल ठेव, आत वायू होतो. ठशानं किंवा काडीनं लाव, कापड बुडवू नकोस. हातमोजे घाल.

बेतानं का म्हणते? लोखंड सुताला हळूहळू कुरतडतं. जुन्या छापील कापडांत काळी नक्षी होती तिथेच भोकं पडलेली आणि बाकी कापड धड, असं बघायला मिळतं. म्हणून काळा थोडकाच ठेव. गंजलेल्या वस्तूंचे छाप घेतलेस तर काम झाल्यावर तुकडे खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर ठेवून मग धू, म्हणजे आम्लाचा अंश राहणार नाही. शिवताना अशा तुकड्यामागे पातळ मलमलचा एक जादा थर दे. पुढे कापड विरलं तरी टाके त्या मलमलला धरून राहतील. गंजाचे कण सुई बोथट करतात, दर तुकड्याला सुई बदल.

हळद, बीट, जास्वंद यांच्या नादी लागू नकोस. पहिल्या दिवशी डोळे दिपतात आणि उजेडात काही आठवड्यांत उतरतात. कुठलाही नवा रंग गोधडीत घेण्याआधी त्याची एक पट्टी खिडकीत लाव, अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्यानं झाक आणि महिन्यानं पुठ्ठा काढून बघ. दोन अर्ध्यांत जेवढा फरक, तेवढाच तुझ्या गोधडीत होणार.

प्रश्न : इथे अशा कामाला आर्ट क्विल्ट म्हणतात. मी सहा इंचांची एक करून आईला फोनवर दाखवली तर ती हसून म्हणाली, “ही कुणाला पांघरायची?” मी हिला गोधडी म्हणावं का? (टोरांटो)

आईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

क्विल्ट पांघरण्यासाठीच असते हे अमेरिकेतही गृहीत होतं. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगून दाखवल्या, तेव्हा पुष्कळांना त्या पहिल्यांदाच चित्र म्हणून दिसल्या. शिवणाऱ्या बायकांनी त्या अंथरुणासाठी शिवलेल्या होत्या. मग भिंतीसाठीच शिवणाऱ्यांची पिढी आली आणि 1979 मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू झालं. त्यामुळे आर्ट क्विल्ट हे नाव चुकीचं नाही, त्याला त्याचा इतिहास आहे.

पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला दुसरंच काही दिसलं. तिकडच्या शिकवणीत टाके मध्यातून कडेकडे नेतात, म्हणजे कापडाची चूण बाहेर सरकून निघून जाते. तुमचे टाके कडेपासून सुरू झालेत, चौकटीत चौकट, आत आत, मध्यापर्यंत. माझी आजी अशीच शिवायची. वाकळ अंगणात पसरायची, चारही कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवायचे आणि दोघीतिघींनी कडेनं धावदोरा घालत आत यायचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदीही (त्यांची गोधडी) कडेपासून मध्याकडे भरत जाते. त्या तर तुकडे आधी एकत्र जोडतही नाहीत. एक तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, टाके घालत पुढे जायचं, मग पुढचा तुकडा. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांची छोटी फुलं. या रीतीत चूण आतच राहते आणि कापडाला ती बारीक लाट येते. तुमच्या छापावर ती लाट फार शोभून दिसते आहे.

हा टाका तुम्ही कुठे पाहिला ते पत्रात लिहिलेलं नाही. आईंकडे किंवा आजीकडेच पाहिला असणार, असं मला वाटतं. माझं मत विचाराल तर, टाका जिथून आला त्या नावानं हाक मारा. गोधडी म्हणा. प्रदर्शनाच्या अर्जात आर्ट क्विल्ट लिहायला लागलं तर तेही लिहा. आणि आईंना सांगा, की वापरलेल्या लुगड्याचा एक तुकडा पाठवा, पुढच्या गोधडीत मधला थर त्याचा घालते. छोट्या गोधडीला मधला थर म्हणून जुन्या सुती साडीची दुहेरी घडी विकतच्या वॅडिंगपेक्षा मला नेहमीच चांगली वाटली आहे. हातसुई अलगद जाते आणि गोधडी फुगत नाही, चित्र सपाट राहून टाका तेवढा उठून दिसतो.

प्रश्न : टाके किती घालायचे? मी घालत बसते आणि शेवटी छाप दिसेनासा होतो. (सोलापूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईहून तिघींनी विचारलं)

दोरा ओवण्याआधी तुकडा भिंतीवर टाचून दोन दिवस नुसता बघा. त्यात एखादी दिशा असते : ब्रशचा फटकारा, पानाची शीर, रंग ओघळलेला. टाक्यानं एकतर तिच्याबरोबर जायचं किंवा तिला आडवं जायचं. दोन्ही एकाच गोधडीत नको. दोऱ्याचा रंग छापातल्या सर्वांत फिकट किंवा सर्वांत गडद छटेचा घ्या. सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर. साधा धावदोरा पुरतो. गाठीचे टाके, साखळी, मणी, आरसे हे सगळं मी एके काळी भरपूर घातलं आणि पुढे उसवत बसले. खाली छापात जे चाललंय त्यावर विश्वास नसला की हात अशी भर घालत सुटतो. अर्धे टाके झाले की एक रात्र थांबा आणि सकाळी लांबून बघा. बरेचदा काम संपलेलं असतं.

प्रश्न : कडा कशा पुऱ्या करायच्या आणि टांगायच्या कशा? आमच्याकडे पावसात भिंतींना ओल येते. (मडगाव)

सहा इंचांच्या गोधडीला रुंद गोट लावला की चित्रापेक्षा चौकटच मोठी दिसते. गोट लावायचाच तर पाव इंच. मला कडा मागे वळवणं जास्त आवडतं : दीड इंचाच्या चार पट्ट्या सुलट बाजूवर ठेवून कडेनं शिवायच्या, कोपरे छाटून पट्ट्या मागे उलटवायच्या आणि हातानं टाचायच्या. समोरून फक्त चित्र दिसतं. रंगाचा थर जाड असेल तर कड वळत नाही. तिथे कड सरळ कापून, तिच्यावर दाट तिरपा टाका घालून मोकळी सोडा.

टांगण्यासाठी मागे वरच्या बाजूला कापडाची नळी शिवा आणि तीत बांबूची काडी घाला. ओल्या भिंतीला गोधडी थेट टेकू देऊ नका. खालच्या दोन कोपऱ्यांमागे बाटलीच्या बुचाच्या चकत्या शिवल्या की मागून हवा खेळते. जून ते सप्टेंबर उतरवून ठेवलेली बरी. जुन्या मलमलच्या साडीत, छाप बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा. घडी घालू नका, रंगाला घडीवर भेग पडते. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडून बुरशी येते. अ‍ॅक्रेलिकचे तुकडे एकमेकांवर ठेवायचे असतील तर मध्ये बेकिंग पेपर घाला. दमट हवेत ते एकमेकांना असे चिकटतात, की सोडवताना रंगासकट सालपट निघतं. दसऱ्याला बाहेर काढा आणि सावलीत वारा द्या.